वर फुली असलेला केक

नेपरव्हिल
११ जानेवारी २०२५, शनिवार

शुभाताई,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच केरात टाकशील, म्हणून पत्ता शंतनूकडून लिहून घेणार आहे. त्याचं अक्षर तुला ठाऊक नाही. नवऱ्याच्या अक्षराआडून बहिणीच्या घरात शिरायची वेळ आली आहे माझ्यावर. असो.

लिहायला कारण काही नाही. आज एक केक खाल्ला, तो सांगावासा वाटला. अनयाला सांगायला गेले तर ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट केक." पंधरा वर्षांची आहे, तिला सगळंच जस्ट असतं. शंतनूला सांगायची सोय नाही, त्याला तीन वर्षांपासून साखर आहे. तुला ते माहीत नसेल. राहिलीस तू. साडेपाच वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही, पण काही नवीन खाल्लं की मनात अजून तुलाच सांगितलं जातं. सवय आहे, दुसरं काही नाही.

सकाळी ऑगडन अव्हेन्यूकडे थोडं काम होतं. काम लवकर आटोपलं. गाडीत येऊन बसले तर किल्ली फिरवता येईना, हात असे थरथरत होते. बाहेर उणे बारा होतं, थंडीनंच असणार. समोर दुकानांची रांग, त्यात एकीकडे टॅक्स भरून देणारा, दुसरीकडे नखं रंगवणाऱ्या बायका, आणि मध्ये एक बेकरी. जरा ऊब मिळेल म्हणून आत शिरले.

दुकान अगदी साधं. डोनट, बेगल, पोरांच्या वाढदिवसाचे निळे-गुलाबी केक. बसायला एकच टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. पण काउंटरच्या कोपऱ्यात दोन निराळेच केक होते. वर ना क्रीम, ना रंग. भाकरीएवढे गोल, दोन बोटं जाड, खमंग भाजलेल्या बेसनाचा रंग. दुकानवाली मायते नावाची पांढऱ्या केसांची फ्रेंच बाई आहे. फ्रान्सच्या पार खालच्या टोकाला, स्पेनच्या डोंगराला लागून तिचं गाव, आणि हा तिकडचा केक, गातो बास्क. फक्त शनिवारी करते, दोनच करते, आणि "दोन्ही कधी खपत नाहीत" हे गिऱ्हाइकाला स्वतःच सांगते. हिचा धंदा कसा चालतो कोण जाणे.

एका केकवर काट्यानं जाळी ओढली होती, दुसऱ्यावर फुली. ती फुली पाहून मी तिथंच उभी राहिले. आईच्या करंज्या आठवतात? बाबांच्या बिनसाखरेच्या करंज्यांवर ती नखानं फुली करायची आणि आपल्याला दम द्यायची, "फुलीला हात लावायचा नाही." तू तरी लावायचीस. त्या गोड नसायच्या, तरी चोरून खायचीस, केवळ नाही म्हटलं म्हणून.

मी जाळीच्या केकचा तुकडा घेतला. वरचं कवच नानकटाईसारखं, दाताखाली भुगा होणारं. आत मऊ, आटवलेल्या बासुंदीसारखं काहीतरी, बदामाच्या वासाचं. पण अख्खा केक समोर ठेवला तर आत काय आहे ते कुणाच्या बापाला कळायचं नाही. कापून बघावं तेव्हाच कळणार. हे मनात आलं आणि मी काटा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, म्हटलं पैसे दिलेत. डाव्या हातानं खाल्लं. उजवी बाजू जरा ठणकते आहे. दोन दिवसांत थांबेल म्हणाले.

मंगळवारी कळेल. म्हणजे मंगळवारी अनयाच्या शाळेचं काहीतरी कळायचं आहे.

तुझी लेक कशी आहे, कादंबरी? आता चोवीस ना? तिला जप.

तुझी,
सुमी


१ फेब्रुवारी २०२५

ताई,

मागचं पत्र टाकलंच नाही. खणात आहे. त्यात अनयाच्या शाळेचं जे लिहिलं आहे ते खोटं आहे.

त्या दिवशीचं काम म्हणजे बायोप्सी होती. गाठ आहे. उजव्या बाजूला, छातीत, सुपारीएवढी. मंगळवारी फोन आला तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, माझाच डेमो चालू होता. बाहेर जाऊन ऐकलं, आत येऊन डेमो पुरा केला. लोक म्हणाले, ग्रेट जॉब. कॅन्सर आहे, ताई. दोन आठवडे मी हा शब्द इथल्या लोकांशी इंग्रजीत बोलते आहे, तेव्हा तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. तुला लिहिताना तो माझा झाला.

मी खूप घाबरले आहे. ही भीती कशी येते सांगू? भांडी लावताना येते. लाल सिग्नलला येते. दुकानात कुणी उगीच "हाऊ आर यू" म्हटलं की येते, आणि मी "गुड, गुड" म्हणत राहते. शंतनूसमोर घाबरायची सोय नाही, कारण मी घाबरले की तो इंटरनेटवर वाचत बसतो आणि मग त्यालाच धीर द्यावा लागतो. अनयाला अर्धंच सांगितलं आहे. ही पोरगी दारं धाडकन आपटायची, मी रोज ओरडायचे. आता हळू लावते. त्या हळू लावलेल्या दारापेक्षा आपटलेलं बरं होतं.

शनिवारी मात्र मी मायतेच्या बेकरीत जाते. त्या एकुलत्या एक टेबलाशी एक मराठी काकू आधीच बसलेल्या असतात. अहिल्याकाकू, वर्ध्याच्या. इथं मुलाकडे राहतात. नात शेजारच्या हॉलमध्ये भरतनाट्यम शिकते, तो तासभर ह्या बेकरीत. चहा घरून थर्मासमध्ये आणतात आणि मायते त्यांना काही म्हणत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं गं?" नागपूर म्हटल्यावर, "मग तर आपलीच पोर." त्यांना मी माझं काही सांगितलेलं नाही. त्यांच्यासमोर तासभर मला काहीही झालेलं नसतं.

मागच्या शनिवारी मी एक गाढवपणा केला. फुलीचा केक घरी नेला, शंतनूसाठी. विचारलंच नाही गं. फुली म्हणजे बिनसाखरेचं, हे डोक्यात इतकं पक्कं की शंका म्हणून आली नाही. त्यानं दोन भलेमोठे तुकडे खाल्ले, "शुगर फ्री आहे असं कळतसुद्धा नाही यार" म्हणत. संध्याकाळी त्याचं डोकं गरगरायला लागलं, साखर बघितली तर दोनशे ऐंशी. धावतपळत अर्जंट केअरला नेला. तिथल्या खुर्चीत बसून मला वाटलं, घरात एक आजारी होता तो पुरला नाही, मी माझ्या हातानं दुसरा करून ठेवला.

आज मायतेला विचारलं. ती म्हणाली, तिच्या गावच्या पद्धतीत फुली म्हणजे आत काळ्या चेरीचा मुरांबा आणि जाळी म्हणजे आत क्रीम. न कापता कळावं म्हणून खूण. "यू जस्ट आस्क मी, नो?" म्हणाली बिचारी. काकू हसून हसून बेजार. मीही हसले, पण बरं वाटलं नाही.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. इथं एक काउन्सेलर असते, ती घराण्यातले आजार विचारते. तुझ्या आईला नक्की काय होतं, तिनं विचारलं. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई तिच्यासमोर बसून म्हणाले, पोटात गाठ होती, बाकी माहीत नाही. का माहीत नाही ते तुला माहीत आहे. गाठ नाही म्हणून तूच मला लिहिलंस. डॉक्टरांचं नाव घेऊन लिहिलंस. मी तिकीट कॅन्सल केलं आणि दोन दिवसांनी आई गेली. चौथ्या दिवशी मी बॅग घेऊन दारात उभी राहिले तर दहा माणसांसमोर तू म्हणालीस, "पेढे आणलेस का?"

ते मी विसरलेले नाही. इतकं होऊनही तुझा राग येतो. खरं सांगायचं तर राग आला की तेवढा वेळ भीती वाटत नाही, म्हणूनही मी तो सांभाळून ठेवला आहे.

आईची हॉस्पिटलची फाइल तुझ्याकडे असेल. त्यातला शेवटचा रिपोर्ट हवा आहे. बाकी काही नको.

सुमेधा


१५ फेब्रुवारी २०२५

ताई,

दुसरंही पत्र खणातच आहे. रागाचं पत्र पाठवू नये असं वाटलं. आता मात्र पाठवावंच लागेल, कारण गोष्ट एकट्या माझी राहिली नाही.

माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. एक जीन बिघडलेला आहे, जन्मापासूनचा. आईकडून आला असावा असं म्हणतात, आणि आईच्या पोटातली ती गाठ अंडाशयाची असावी. ज्या बाईत हा दोष असतो तिला छातीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर व्हायचा धोका खूप जास्त. आता नीट वाच. आईच्या प्रत्येक लेकरात तो यायची शक्यता निम्मी. म्हणजे तुझ्यात असेल किंवा नसेल, चित किंवा पट. तुझ्यात असला तर कादंबरीचंही तसंच. अनयाची तपासणी ती अठरा वर्षांची झाल्यावर करू.

माझी गाठ मला आंघोळ करताना हाताला लागली. पोटातली तशी लागत नाही. कळेपर्यंत उशीर होतो, आईला झाला तसा. तू बावन्नची आहेस. दोष आहे हे आधी कळलं तर पुष्कळ काही करता येतं, डॉक्टर मला आज हेच समजावत होती. नुसतं रक्त द्यायचं. नागपुरात होते ही तपासणी, मी चौकशी केली.

पण तुला सांगायचं कसं? व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस. शंतनूच्या फोनवरून केला तर माझं "हॅलो" ऐकून ठेवलास. दुसऱ्यांदा उचललाच नाहीस. कादंबरीला थेट मेसेज करता येईल. टाइप करून ठेवलाही आहे. पण तुझ्या पाठीमागं तुझ्या लेकीला हे असं फोनवर पाठवायचं? माझ्या अनयाला कुणी पाठवलं तर मी त्याचं तोंड बघणार नाही. आधी तुला कळायला हवं. १ एप्रिलपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही तर मात्र मी तो मेसेज पाठवीन. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

आणखी एक लिहिते, लाज वाटते तरी. रिपोर्ट वाचल्यावर पहिल्यांदा अनया मनात आली. मग मी स्वतः. मग तू आलीस, आणि तू आलीस ती अशी, की ताईलाही असलं तर मी एकटी नाही. क्षणभरच. पण आलं मनात. भीती माणसाला इतकं हलकट करते हे मला माहीत नव्हतं.

माझं ऑपरेशन १० एप्रिलला ठरलं आहे. दोन्ही बाजू काढायच्या म्हणतात. पुन्हा जागं होता आलं नाही तर, हा एकच विचार दिवसभर डोक्यात असतो, आणि मी तो कुणालाच बोलून दाखवलेला नाही.

आज बेकरीत गेले होते पण घास उतरला नाही. मायतेनं न विचारता उरलेला तुकडा कागदात बांधून दिला. काकू म्हणाल्या, "चेहरा का गं असा उतरलाय?" मी म्हटलं, दाढ दुखते.

सुमी


२२ फेब्रुवारी २०२५

ताई,

अक्षर समजून घे. बेकरीबाहेर गाडीत बसून लिहिते आहे. मांडीवर केकचा खोका आहे, त्यावर कागद ठेवला आहे.

आज अहिल्याकाकूंचा इथला शेवटचा शनिवार होता. त्यांच्या मुलाला चँडलरला चिपच्या कंपनीत नोकरी लागली, पुढच्या आठवड्यात सगळं बिऱ्हाड ॲरिझोनाला. मायतेनं त्यांच्या नावानं फुलीचा केक कापला. चेरीचा मुरांबा आंबटगोड आहे, आईच्या करवंदाच्या मुरांब्याची आठवण येते. काकूंनी अर्धा तुकडा खाल्ला, ओठ पुसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बरं वाटायचं गं तुझ्याशी बोलून. आपली गाठ नाही व्हायची आता."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"गाठ नाही व्हायची म्हटलं आपली. मला तिकडून कोण आणतंय इतक्या लांब."

ताई, मी तिथंच फोन काढला. साडेपाच वर्षांत तुझा तो एक मेसेज मी शंभरदा वाचला असेल. दर वेळी तेवढाच वाचला आणि फोन बंद केला. त्याच्या वरचे कधी पाहिले नाहीत. आज पाहिले. तुला पाठ असतील, तरी लिहिते.

तू लिहिलंस: आईचं पोट फुगलंय. गाठ आहे का ते बघताहेत.

मी लिहिलं: वीस तारखेचं तिकीट काढलंय. वेळेवर पोचेन ना गं?

तू लिहिलंस: डॉक्टर म्हणाले आईची गाठ नाही व्हायची आता.

मी लिहिलं: चला, सुटलो. देव पावला. पेढे वाट. तिकीट कॅन्सल करते, दिवाळीनंतर निवांत येते.

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर देत होतीस. वेळेवर पोचेन का विचारलं, तू म्हणालीस नाही पोचणार, आई भेटायची नाही तुला. आणि मी माझा स्वतःचा प्रश्न विसरले. माझ्या डोक्यात आईच्या पोटातली गाठ बसली होती, मला तीच दिसली. गाठ नाही. आनंदानं डेस्कवरून उठून मी शेजारणीला मिठी मारली होती, ताई. तिला सांगितलं, माय मदर इज फाइन.

तू ते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वाचलं असशील. आई आत. एकटी उभी राहून तू वाचलंस की तुझी बहीण म्हणते सुटलो, पेढे वाट. मी तुझ्या जागी असते तर पेढ्यांचं विचारून थांबले नसते, थोबाड फोडलं असतं. आणि त्या दिवशी दारात मी काय म्हणाले तेही मला आठवतं. "आई तुला एकटीला हवी होती, म्हणून खोटं लिहिलंस." मी हे वीस-बावीस तासांचा प्रवास करून, आई नसलेल्या घरात, तिचं सगळं एकटीनं केलेल्या बहिणीला म्हणाले.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. डोनट घ्यायला आलेली माणसं दारातूनच परत गेली. मायते घाबरून पाणी घेऊन आली. काकूंना मी कसंबसं सांगितलं, सगळं, दाढ नाही तेही. काकूंनी थर्मासमधला चहा माझ्यापुढे सरकवला. मग मायतेला म्हणाल्या, "वन वर्ड. टू मीनिंग. सिस्टर, नो टॉक, फाइव्ह इयर." मायतेनं एकदा केकवरच्या उरलेल्या फुलीकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. खोक्यात दुसरा केक भरला आणि माझ्या हातात दिला.

एक फोन केला असता मी. काय गं, नक्की काय म्हणाले डॉक्टर, एवढंच. तूही विचारू शकली असतीस, पेढे कसले म्हणून. पण तू आईच्या उशाशी होतीस आणि मी एसीत बसले होते. तुझा त्यात दोष नाही.

आई माझी वाट बघत होती का? ह्याचं उत्तर पत्रात लिहू नकोस. मला ते झेपणार नाही. कधी समोर बसलीस तर सांग.

मागचं पत्रही आठवडाभर खणातच राहिलं, टाकायचा धीर झाला नाही. आता घरी जाऊन चारही पत्रं एका पाकिटात घालते आणि आजच कुरिअरला देते. जशी आहेत तशी, खोटी-खरी सगळी. मला माफ कर असं म्हणत नाही. तपासणी कर. आधी तू आणि कादंबरी रक्त द्या, आणि मग माझ्यावर राग धर. जन्मभर धर, मी काही म्हणणार नाही. पण त्यासाठी जन्मभर हवीस तू.

सुमी


५ एप्रिल २०२५

ताई,

कुरिअरवाल्यांच्या साइटवर तीन मार्चला लिहून आलं, पाकीट पोचलं, सही शुभा. त्यानंतर काही नाही. एक आठवडा, दोन, तीन. तू वाचलंस की फाडलंस, कळायला मार्ग नाही. मी रोज ते पान उघडायचे आणि तुझं नाव बघायचे. ऑपरेशनची भीती एका बाजूला राहिली, ही दुसरी तिच्यापेक्षा मोठी झाली. माझं काय व्हायचं ते दहा तारखेला होईल, डॉक्टर आहेत, मशिनं आहेत. तुझ्या पोटात काय चाललं आहे ते कोण बघणार होतं?

एक तारीख उजाडली. कादंबरीसाठी लिहिलेला मेसेज उघडून सकाळपासून बसले होते. ठरवलं, आजची डाक येईपर्यंत थांबायचं. डाक तीनला येते. तीनला तुझं पाकीट आलं. शाळेत फीसुद्धा तू शेवटच्या दिवशीच भरायचीस.

आत आईचा रिपोर्ट. अंडाशयाचा कॅन्सर, इथले डॉक्टर म्हणत होते तेच. त्याच्यामागं लॅबच्या दोन पावत्या. एकीवर तुझं नाव, एकीवर कादंबरीचं. रक्त दिल्याची तारीख अठरा मार्च. पावत्या बघून मी जमिनीवर बसले. शंतनूला वाटलं चक्कर आली, तो साखरेचं मशिन घेऊन धावला.

पत्र नव्हतं. पाकीट झटकून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग तुझ्या पावतीच्या पाठीवर, पेन्सिलीनं, ते दोन शब्द दिसले.

"गाठ होईल."

ताई, पहिल्यांदा मी ते उलटंच वाचलं. वाटलं, रिपोर्ट आला, दोष निघाला, आणि डॉक्टरांनी तुला सांगितलं की आज ना उद्या गाठ होईल. मी शंतनूचा हात धरला, तो म्हणाला काय झालं, मी पावती पुढे केली. ती वाचून तो म्हणाला, "अगं, रिपोर्ट मिळण्याची तारीख आठ एप्रिल लिहिलीय. अजून आलाच नाही तो." म्हणजे रिपोर्टचं नाही. मी पुन्हा वाचलं. मोठ्यांदा वाचलं, तुझ्या आवाजात. अनया दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "व्हॉट डझ इट मीन?" मी म्हटलं, मावशी येतेय.

बरोबर वाचलं ना मी? तू हे मुद्दाम लिहिलंस. मी घाबरणार हे तुला माहीत होतं. क्षणभर मला घाबरवायचं होतंच तुला, आणि तो तुझा हक्क आहे. एवढी खवचट आपल्या घराण्यात तूच.

तरी ह्या वेळी मी अंदाजानं चालणार नाही, विचारते. येणार आहेस ना? अनया लहान असताना काढलेला तुझा दहा वर्षांचा व्हिसा अजून वर्षभर आहे, मी हिशेब केला. पत्र पोचेपर्यंत माझं ऑपरेशन होऊन गेलेलं असेल, म्हणून ह्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकते आहे. काल पाहिलं, तिथं तुझा फोटो पुन्हा दिसतो आहे. फोन करायची हिंमत मला अजून होत नाही. तू कर. अर्ध्या वाक्यात रडले तर ठेवू नकोस.

भीती गेलेली नाही, ताई. आठला तुमचे रिपोर्ट, दहाला मी. कादंबरीचा विचार आला की अजून हातातलं काम अर्धवट टाकून उभी राहते. काहीही निघालं तरी त्याच दिवशी सांग, सरळ शब्दांत, आहे किंवा नाही. आपल्या दोघींना दुसरं काही लिहिता-वाचता येत नाही हे सिद्ध झालं आहे.

मायतेला आज सांगून आले, एक केक राखून ठेव, वर फुली असलेला. तिनं विचारलं, कुठल्या शनिवारी? मी म्हटलं, कळवते. तेव्हा विमानाची तारीख ठरली की लिही. आकड्यात लिही.

तुझी,
सुमी